मुरडीची रॅव्हिओली

आमच्या घरात कानवल्यांना मुरड घालायची ती मीच. पंधरा वर्षांत सासूबाईंनी हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. पिंगळीत कुणाकडं लग्न निघालं की रुखवताच्या कानवल्यांसाठी मलाच बोलावणं येतं. हे सगळं धाकट्या जावेला ठाऊक होतं. तरी ती पुण्याहून सुट्टीला आली आणि माझ्याच पोळपाटावर रॅव्हिओली करायला बसली. पास्ताच तो, पण पोटात सारण भरलेला.

मैद्याची पातळ लांबट पोळी, तिच्यावर अंतरा-अंतरानं पनीर-पालकाचं सारण, वर दुसरी पोळी. प्रत्येक सारणाभोवती ती बोटानं दाबत बसली. मग चौकोन कापले, काट्याच्या चमच्यानं कडा दाबल्या, झालं.

"कानवल्यावानीच हाय की गं," सासूबाई म्हणाल्या. "अन् मुरडीची कटकट न्हाई."

पंधरा वर्षांची माझी मुरड एका काट्यापुढं कटकट झाली. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

"निम्म्या मी करते," म्हणत मी पोळपाट ओढला. वाटीनं गोल कापले, सारण भरलं, दुमडून बारीक मुरड घातली.

"ताई, आतली हवा दाबून काढावी लागते," जाऊ म्हणाली.

"मला नको शिकवू."

कानवला तळणीत टम्म फुगला की शोभून दिसतो. उकळत्या पाण्यात तो फुटतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिचे चौकोन निवांत वर आले. माझ्या एकेक उकलत गेल्या, पाणी पालकानं हिरवं झालं आणि मुरड तेवढी कच्ची राहिली. सासूबाई तेव्हा ओसरीवर होत्या.

जेवायला बसलो. वर टोमॅटो-लसणाचा रस, किसलेलं चीज. सासूबाईंनी ताट न्याहाळलं. "थोरलीच्या मुरडीच्या कुटं गेल्या?"

"माझ्या हातनं फुटल्या, आई," जाऊ म्हणाली. फुटलेल्या सगळ्या तिनं स्वतःच्या ताटात घेतल्या होत्या.

मी बोलायला हवं होतं. मी ताटात रस वाढून घेतला.

"असू दे," सासूबाई तिला म्हणाल्या. "थोरलीकडून शिकून घे जरा."

तिनं मान हलवली. तिचा काट्याचा चमचा मी एखादवेळेस माफ केला असता. पण माझी कच्ची मुरड ती गुमान चावत बसली होती, ते मला अजून सहन होत नाही.