लालमहंमदचे दाऊदी रोजे

उदगीरला किल्ल्याकडं जाणाऱ्या आमच्या गल्लीत मल्लेशचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्यासमोर लालमहंमद लोहाराचं दुकान. सकाळी दहाला हॉटेलातून दुकानात चहा गेला, तर आज लालमहंमदचा खायचा दिवस. गेला नाही, तर रोजाचा. एक दिवस खायचं, एक दिवस उपाशी, असं एकोणीस वर्षं चाललं. रमजान वेगळा, तो सगळ्यांचाच असतो. हा माणूस उरलेले अकरा महिनेही अर्धे उपाशी काढायचा.

मी टपालखात्यात पस्तीस वर्षं काढली. लोकांची पोस्टकार्डं वाचायची खोड तिथलीच. आता पोस्टकार्डं उरली नाहीत, म्हणून माणसं वाचतो. त्यातलं लालमहंमद हे पोस्टकार्ड मी लहानपणापासून वाचत आलोय, तेव्हा यातलं निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही.

वय अडुसष्ट. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. भुवया भट्टीनं कधीच्या खाल्ल्या. पण गळा! तरुणपणी मिलादच्या, म्हणजे पैगंबर जयंतीच्या, मैफिलीला याला न्यायला जळकोटहून जीप यायची. आता जीप येत नाही, गळ्यातही वाळू भरलीय, तरी सकाळी भट्टी पेटवताना तो अल्लाची तारीफ गातो आणि मग पहिला घाव घालतो. घावाचा आवाज किल्ल्याच्या भिंतीवर जाऊन परत येतो. पत्र्यावर दोन कावळे आणि एक साळुंकी येऊन बसते. या कावळ्यांवरून मी त्याला किती छळलंय, ते पुढं येईलच.

हे रोजे सुरू कसे झाले, ते मी सोडून कुणाला ठाऊक नाही. म्हणजे मीच सगळ्यांना सांगितलंय. एकदा सुगीच्या आधी हा अहमदपूरच्या बाजाराला विळे घेऊन गेला. परतीची बस चुकली. मशिदीत टेकला, तर तिथं एका मौलानांचं बयान चाललेलं. मौलाना सांगत होते, की हजरत दाऊद बादशहा होते, तरी तख्तावर बसून आयतं खायचे नाहीत. स्वतःच्या हातानं चिलखतं बनवून पोट भरायचे. अल्लाची तारीफ गायला लागले की डोंगर त्यांना साथ द्यायचे, पाखरं थव्यानं जमायची. एक दिवस रोजा, एक दिवस जेवण, असा त्यांचा नेम. आणि लोखंड त्यांच्या हातात मेणासारखं मऊ व्हायचं.

डोंगर आणि पाखरांपाशी बाकीची माणसं रडली म्हणे. आमचा लोहार अडकला तो मेणापाशी.

दुसऱ्या दिवशी मल्लेशचा चहा यानं परत पाठवला. मी विचारलं, "काय रे लाल्या, पोट बिघडलं काय?"

"दाऊदी रोजा धरून राहिलो."

"कशासाठी?"

इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "लोखंड मऊ व्हतं म्हणं."

आता सांगा, असा मासा गळाला लागल्यावर कोण सोडील? तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर आलो की मी ओरडायचो, "काय लाल्या, झालं का लोखंड मऊ?" त्याची उत्तरं ठरलेली नसायची. कधी म्हणायचा, "न्हाई रे, अजून सासऱ्यावाणी करतंय." कधी म्हणायचा, "आज जरा कमी भांडलं." पत्र्यावरच्या कावळ्यांकडं बोट दाखवून मी म्हणायचो, "पाखरं तर आली बाबा तुझी." तो म्हणायचा, "बादशहा व्हते त्ये. त्यांच्याकडं मोर येत असतील. माझ्या लायकीचं हेच हाय."

त्याची बायको, वहिदाभाभी, आतून ऐकायची. तिचं ठरलेलं वाक्य, "बादशहाला भाता मारायला माणसं होती. इथं मी हाय."

एकदा मी तेल ओतलं. टपाल वाटताना एका पास्टरनं मला याच दाऊद राजाची गोष्ट सांगितली होती. त्यांच्या पुस्तकात तो देवाच्या पेटीपुढं भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत आनंदानं नाचला, आणि राणीनं खिडकीतून बघून नाक मुरडलं, की राजा असून काय हे सोंग. मी ही गोष्ट भाभी ऐकेल अशा बेतानं सांगितली. लालमहंमदनं विळ्याला पाणी दिलं, वाफ जाऊ दिली आणि म्हणाला, "आमच्यात ही गोष्ट न्हाई. पन बायको खरी वाटते."

आत भांडं आपटलं. मी निघालो.

पण एकोणीस वर्षं म्हणजे थट्टा नव्हे. लोखंड काही मऊ झालं नाही. त्यात तयार विळे आले, खुरपी आली, गिऱ्हाईक पातळ झालं. जे यायचं ते जुन्याला धार लावायला. खांदा उतरला, गळा बसला, गाताना मध्येच दम घ्यायला थांबावं लागे. तरी हा आपला एक दिवसाआड कोरडा.

आणि यंदा फाल्गुनात तो पडला. रोजाचा दिवस, दुपारचं ऊन, सांडशीत लाल विळा. सांडशीसकट भट्टीकडं झुकला. मल्लेशनं हॉटेलातून झेप घेऊन कमरेला धरला म्हणून बाही जळण्यावरच भागलं. डॉक्टरनं सुई टोचली, कागद वाचला आणि म्हणाला, "चाचा, साखर आहे. गोळ्या घ्यायच्या आणि वेळेवर खायचं. एकही रोजा नको. पुढच्या वेळी भट्टीतच जाल."

लालमहंमदनं मान डोलावली. अशी मान डोलावणारा माणूस काहीही ऐकणार नसतो.

आता त्याची एक रीत सांगायला हवी. रोजा कोणत्या दिवशी हे तो डोक्यात ठेवत नसे, हातोड्यावर ठेवायचा. संध्याकाळी रोजा सोडला की हातोडा ऐरणीच्या डाव्या अंगाला. खायच्या दिवशी काम संपलं की उजव्या अंगाला. पहाटे उठलं की आधी पुढच्या दुकानात डोकवायचं. हातोडा डावीकडं असला तर काल रोजा झाला, आज खा. उजवीकडं असला तर आज रोजा. त्या गोळ्यांनी तो गुंगीत असायचा, दिवस सगळे सारखेच दिसायचे. स्वतःपेक्षा हातोड्यावर त्याचा भरवसा जास्त.

भाभी माझ्या ओट्यावर आली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"व्यंकटभाऊ, त्यांच्या आधी उठते मी. हातोडा मी डावीकडं सरकवते. पन त्यांनी विचारलं तर तुम्ही न् मल्लेश म्हना, की काल रोजाच व्हता."

"भाभी, खोटं बोलायचं?"

"जनमभर काय केलं मग तुम्ही?"

मी उठून मल्लेशकडं गेलो.

मल्लेश आधी बिचकला. "यप्पा! देवाच्या कामात खोटं?" मी म्हणालो, "अरे, तू फक्त चहा पाठव. देवाचं मी बघतो." मला देवाचं काय बघता येणार होतं, कुणास ठाऊक.

तर आम्ही बुद्धीनं चोरी केली. रोज फसवलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं, म्हणून अधूनमधून एखादा रोजा होऊ द्यायचा, आणि त्या दिवशी भाभीनं जवळ बसून राहायचं. तीन आठवड्यांत तीनच झाले. चहाचा पेला हातात घेऊन तो कधी थबकायचा. "मल्लेश, काल पिलो न्हाई ना मी?" मल्लेश कढईकडं तोंड करून म्हणायचा, "न्हाई चाचा, काल परत आला की." मी म्हणायचो, "काल तर तुझं तोंड एवढंसं झालं होतं." आणि तो प्यायचा. त्याचा रंग सुधारला. गाण्यातला दमही थोडा वाढला. आम्ही तिघं एकमेकांकडं बघून खूश.

पकडलं आम्हाला जुम्म्यानं. शुक्रवारची नमाज करून लालमहंमद हॉटेलात आला, बसला, चहा घेतला. बशीत ओतला आणि तसाच थांबला.

"मल्लेश, मागल्या जुम्म्याला इथंच बशी फुटली व्हती ना माझ्या हातानं?"

"हाव चाचा. जाऊ द्या, जुनी होती."

"म्हंजे मागल्या जुम्म्यालाही चहाच पिला मी." त्यानं बशी खाली ठेवली. "आठवड्याचे दिवस सात. एक जुम्मा रोजाचा पडतो, एक जुम्मा चहाचा. एकोणीस वर्षांत दोन जुम्मे लागून चहाचे कवा आले न्हाईत."

मल्लेशनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

मला वाटलं आता सांडशी उडेल. पण तो रागावलाच नाही. रागवायलाही माणसात काही शिल्लक लागतं. बशीतला चहा त्यानं पेल्यात परत ओतला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "अल्लानं माझी भूक कमी केली. म्हनलं, शेवटी कायतरी मऊ व्हायला लागलं."

त्यानंतर दोन दिवस भट्टी पेटली नाही. गाणं नाही, घाव नाही. साळुंकी येऊन बसली आणि गेली. तो आत भिंतीकडं तोंड करून पडलेला, आणि म्हणायचा एकच, की चुकलेले सगळे रोजे आता लागोपाठ धरतो. डॉक्टरचं भट्टीचं बोलणं माझ्या कानात होतं. माझ्या थट्टेला त्या दोन दिवसांत तोंड नव्हतं. नागुबाईनं, आमच्या हिनं, ताट वाढलं तर मी अर्धं सोडलं. ती म्हणाली, "तुमची पण साखर तपासा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या दारात गेलो, तर आत वहिदाभाभी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता.

"हजरत दाऊद आपल्या हातचं खायचे म्हनता. तुम्ही एकोनीस वर्षं माझ्या हातचं खाऊन रोजा धरला. एक दिवसाआड पहाटे उठून सहरीची भाकरी मी केली. तुमचा खांदा उतरला ते गल्लीला दिसतं. मी दमले ते कुनाला दिसलं? लागोपाठ धरायचे तर धरा. मी उठनार न्हाई."

मग लालमहंमदचा आवाज, "तू उठत व्हतीस, हे मी कवा मोजलंच न्हाई गं."

मी परत फिरलो. ऐकण्यासारखं होतं, पण पुढचं माझ्यासाठी नव्हतं. हे मला कधीतरीच सुचतं.

सकाळी त्यानं मला आणि मल्लेशला दुकानात बोलावलं. ऐरणीजवळ उभा, हातोडा हातात.

"डॉक्टर म्हनतो बंद. वहिदा म्हनते बंद. बरं, बंद. मी गातो, काम करतो. पन नेम मोडायचा न्हाई. रोजे तुम्ही चोरले, आता तुम्हीच धरायचे. एक व्यंकटीचा, एक मल्लेशचा, आळीपाळीनं. हातोडा मी ठेवत जातो."

"चाचा, मी लिंगायत माणूस!" मल्लेश म्हणाला.

"पोट हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "लाल्या, आमच्या बौद्धांच्या घरी उपोसथाच्या उपासाला नागुबाई दुपारनंतर जेवत नाही, आणि मी तिच्यासमोर भजी खातो. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग मी धरतो उद्यापास्नं."

तेव्हा धरावंच लागलं. आम्ही दोघांनीही मान डोलावली, पण ती ऐकणाऱ्यांची होती. नागुबाई तीन दिवस हसत होती.

गेल्या आठवड्यात मशिदीचे मौलाना मुज्तबा आईची विळी घेऊन धार लावायला आले. वयानं तरुण, बोलायला गोड. मी पत्र्याच्या आडोशाला होतो, सहज. ते म्हणाले, "लालमहंमदचाचा, एकाचा रोजा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. आणि तुम्ही आजारी आहात, तुम्हाला माफी आहे. यांना कशाला उपाशी मारता?"

लालमहंमद विळी घासत म्हणाला, "ठाऊक हाय मौलाना. त्यांना नका सांगू."

मी आडोशामागं उभाच. त्या क्षणी बाहेर येऊन ओरडता आलं असतं. सरळ हॉटेलात जाऊन दोन प्लेट भजी मागवता आली असती, आणि मल्लेशला सांगून त्याचीही सुटका करता आली असती. काय झालं कुणास ठाऊक, मी मागच्या बोळातून घरी आलो. मल्लेशलाही सांगितलं नाही. तो अजून आपल्या पाळीला चहा गाळताना दुसरीकडं बघतो.

आज माझी पाळी आहे. हे लिहितोय तर अक्षरं थोडी हलतायत. डोकं जड झालंय, आणि समोरच्या घरात कांदा परतताहेत. सकाळी ओट्यावर आलो, तर समोर लालमहंमद बाकड्यावर बसून सावकाश, बिनसाखरेचा चहा पीत होता. शेजारी वहिदाभाभी, तिच्याही हातात पेला. इतक्या वर्षांत तिला दिवसाउजेडी अशी टेकलेली मी पहिल्यांदा बघितली. मला बघून त्यानं पेला खाली ठेवला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडला,

"काय व्यंकटी, झालं का लोखंड मऊ?"

"न्हाई," मी म्हणालो. "लई भांडून राहिलंय."

तो उठला, भट्टी पेटवली आणि गायला लागला.