फोरमनकाका आणि नवी पेटी

आमच्या फोरमनकाकांइतका बरोबर आणि त्यांच्याइतका चुकीचा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वाक्यामुळे जमायच्या. ते वाक्य म्हणजे, “नवं काय आलं ते आदी सांगा.” जगातला कुठलाही बिघाड शेवटी आलेल्या नव्या वस्तूमुळेच होतो, ती बाहेर काढली की सगळं पूर्ववत चालतं, असं त्यांचं ठाम मत. सोलापूरच्या ज्या गिरणीत ते इलेक्ट्रिक फोरमन होते, तिच्याच चाळीत त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून होती. चाळीतल्या मास्तरांचा पंखा कटकट करू लागला तेव्हा काकांनी पंख्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. खोलीभर नजर फिरवून त्यांनी भिंतीवरचं नवं कॅलेंडर काढून मास्तरांच्या हातात दिलं आणि कटकट थांबली. समोरच्या मावशींच्या घरात सगळ्यांची पोटं बिघडली, तर काकांनी स्वयंपाकघरात शिरून कल्हई नसलेलं नवं पातेलं उचलून आणलं. अशा दोन-चार विजयांनंतर माणूस डोक्यावर बसणारच. माझी सायकल सारखी पंक्चर व्हायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या नव्या चपलांवर संशय घेतला. दोन दिवस जुन्या चपला घालूनही सायकल पंक्चर झालीच, तर मला खालीवर न्याहाळून म्हणाले, “मग शर्ट नवा हाय का बे?”

काकांच्या हत्यारांच्या पेटीत दोन कप्पे होते. वरच्यात टेस्टर, पकड, स्क्रू ड्रायव्हर. खालच्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणीची पुडी हमखास फुटलेली असायची, त्यामुळे त्यांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राला आठवडाभर लसणाचा वास यायचा. यंत्रांशी ते भरभरून बोलत. मोटारीला “अगं बाई” म्हणत, जुन्या स्विचबोर्डाची तब्येत विचारत. माणसांशी मात्र कामापुरतं, आणि घरात तर तेवढंही नाही. काकूंनी काही विचारलं की ते रेडिओचं मागचं झाकण उघडून त्यात डोकं घालत. रेडिओ चांगला असला तरी. काकू म्हणायच्या, “ह्यांच्याशी बोलायचं तर माजंच झाकण उगडाय पायजे.” आम्ही सगळे हसायचो, आणि काका रेडिओत हसायचे.

गिरणीत कॉम्प्युटर आला तेव्हा वायर असलेली प्रत्येक गोष्ट फोरमनची, या न्यायाने तोही काकांकडे आला. मी कॉम्प्युटरच्या खोलीत ऑपरेटर होतो. दोन लोखंडी कपाटांएवढं ते धूड तिन्ही पाळ्यांची हजेरी आणि सुताचा साठा सांभाळायचं. काम वाढत गेलं तशी त्याची स्मरणशक्ती पुरेना, म्हणून मुंबईहून मेमरीची दुसरी पेटी मागवली. केसाएवढ्या तारांत मुंगीच्या डोक्याएवढी काळी कडी ओवलेली पाहून काका हरखले. “हे तर विणकाम हाय की बे!” म्हणत त्यांनी मागावरच्या लोकांना बोलावून ती पेटी दाखवली. नवी पेटी जुनीच्या शेजारी बसवली आणि त्या दिवसापासून आमच्या डोक्याचं भुस्काट व्हायला सुरुवात झाली. यंत्र नीट सुरू व्हायचं, पाव तास काम करायचं, आणि मग सगळे दिवे होते तसे थिजायचे. छापणारं यंत्र एखाद्या कामगाराचं अर्धं नाव छापून गप्प. काकांनी नवी पेटी बाहेर काढली. यंत्र तीन दिवस अखंड चाललं. पुन्हा घातली, पाव तासात गप्प. “बग,” काका म्हणाले, “नवं काय आलं?”

त्याच सुमारास त्यांच्या घरातही नवं काहीतरी आलेलं होतं. मुलाचं लग्न होऊन सूनबाई आली होती. मुलगा श्रीपूरच्या साखर कारखान्यात होता. हंगाम चालू, राहायची जागा अजून मिळालेली नाही, म्हणून तो पंधरा दिवसांनी तोंड दाखवून जायचा आणि सूनबाई सासू-सासऱ्यांपाशी राहायची. जेऊरची मुलगी, हसरी, हाताला झपाटा. पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरचे सगळे डबे घासूनपुसून नव्याने लावले. काकूंना तीस वर्षं अंधारातही सापडणारा हिंग दिवसाउजेडी सापडेना. मग भाकरीच्या जाडीवरून, चुलीच्या धगीवरून, कशावरूनही आवाज चढू लागले. तिकडे आवाज चढला की इकडे रेडिओचं झाकण उघडायचं. शेवटी एका सकाळी काकूंनी काकांच्याच हत्याराने काकांना गाठलं. “इतकी वर्सं घर चाललं न्हवं? मग नवं काय आलं ते बगा की. तुमीच म्हनता.”

काकांनी रेडिओत डोकं घातलं. सूनबाई चार दिवस माहेरी जाईल असं ठरलं, पण ती जाताना लग्नातली ट्रंक बरोबर निघाली, आणि चार दिवसांसाठी कोणी ट्रंक नेत नाही हे साऱ्या चाळीला कळत होतं. तिला पोचवायला काका स्टेशनवर गेले, मी ट्रंक धरायला. गाडीत बसल्यावर तिने सासऱ्यांना विचारलं, “मामा, मी परत कवा येऊ?” काका गाडीच्या दिव्याच्या वायरीकडे बघत राहिले. गाडी हलली तरी बघतच होते. मला त्या वेळी त्यांचा मनापासून राग आला.

घर सुरळीत चालू झालं. आवाज नाही, भांडण नाही, हिंग जागच्या जागी. काका मात्र कडक भाकरी उघडून परत बांधून ठेवू लागले. एवढ्यात मुंबईहून कंपनीचा इंजिनियर आला. गळ्यात टाय, हातात मीटर. त्याने सगळीकडे मीटर लावून आकडे बरोबर असल्याचं सांगितलं, नवी पेटी घातली, पाव तासाने डोकं धरून बसला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “युनिट डिफेक्टिव्ह दिसतं. परत पाठवू या.” पेटी बांधायला गवत आणि खोकं आलं. ती खोक्यात ठेवायची तर काका दोन्ही हातांत धरून उभेच. “सायेब,” ते म्हणाले, “हिला एकटीला कवा बसवलंच न्हाय आपन. जुनी काडून हिला बसवा एकदा. जायच्या आदी बगू तर द्या.”

जुनीच्या जागी नवी बसवली. यंत्र दिवसभर चाललं. एकही नाव अर्धं राहिलं नाही. इंजिनियरने टाय सैल केला. दुसऱ्या दिवशी जुनी एकटी, तीही चालली. दोघी एकत्र, पाव तासात गप्प. जागांची अदलाबदल केली, गप्प. आधी नवी मग जुनी, आधी जुनी मग नवी. कोण चांगली, कोण वाईट, कशाचा कशाला पत्ता लागेना. इंजिनियर कागदावर काट मारून मारून कागद फाडायच्या बेताला आला होता. मी तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच माणसाचा डबा खाल्ला. काका फरशीवर मांडी घालून बसले होते. तिथूनच त्यांनी इंजिनियरचा मीटर मागितला आणि कपाटाच्या तळाशी, मागच्या बाजूला, जिथून सगळ्यांना वीज जाते त्या काळ्या डब्याला लावला. तिथे पहिल्या दिवशीच बघून झालं होतं, पण तेव्हा नवी पेटी बाहेर होती. आता दोन्ही पेट्या आत होत्या. काटा आधी नीट उभा होता, मग हळूहळू झुकू लागला. झुकता झुकता एका जागी आला आणि दिवे थिजले. काकांनी एक पेटी काढली, काटा उभा. परत घातली, काटा खाली.

“दोगींचा बी दोस न्हाय,” काका म्हणाले. “ह्योच कमी पडतुया.”

इंजिनियर उडी मारून खाली वाकला. या डब्याच्या जागी मोठा सप्लाय पाठवतो, सोपं आहे, असं काहीबाही उत्साहाने सांगत राहिला. काका त्या डब्याकडेच बघत होते. “कवा आवाजच केला न्हाय की बे ह्यानं,” ते मला म्हणाले, “म्हनून कुनी बगितलंच न्हाय.” मग त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली, हात पुसले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत पहिलीच. गिरणीच्या साहेबांनी कारण विचारलं, तर “जेऊरला जायचं हाय,” एवढंच बोलले आणि दुपारच्या पॅसेंजरने गेले.

दुसऱ्या दिवशी ते ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन चाळीत शिरले, मागून सूनबाई. काकू दारात उभ्या होत्या. काकांनी ट्रंक खाली ठेवली. रेडिओ समोरच होता, पण ते त्याच्याकडे गेले नाहीत. “हिचं चुकलं न्हाय,” ते म्हणाले. “तुजं बी चुकलं न्हाय. मी बोलत न्हवतो.” एवढं बोलायला त्यांना घाम फुटला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि सुनेला म्हणाल्या, “आत चल. हिंग कुटं ठेवलाय ते मलाच सापडंना झालंय.”

भांडणं काही थांबली नाहीत. पण त्यानंतर आत आवाज चढला की काका हातातलं काम ठेवून दारातल्या ओट्यावरून हाक द्यायचे, “मी हाय की हितं!” आणि आत जाऊन दोघींच्या मधे पाट मांडून बसायचे. न्याय काय द्यायचे देव जाणे, बहुधा दोघींच्याही बाजूने द्यायचे. जागा मिळाल्यावर सूनबाई श्रीपूरला गेली, तरी हंगाम संपला की सोलापुरात असायची.

ते यंत्र कधीच भंगारात गेलं, काकाही गेले. परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. काकू आता थकल्यात, सूनबाई त्यांच्याजवळच असते. चहात साखर किती यावरून दोघींचं सुरू झालं, आवाज चढला, आणि मधेच दोघी एकदम थांबल्या. दोघींनीही ओट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग सूनबाईने काकूंच्या कपात अजून अर्धा चमचा साखर घातली.