जर-तरचा अभ्यास

मी निघाले त्या दिवशी बाबा शेजाऱ्यांकडून वजनकाटा मागून घेऊन आले. माणसांनी उभं राहायचा, छोटासा. त्यावर बॅग ठेवली की आकडा झाकला जायचा. म्हणून बाबा बॅग उचलून स्वतः काट्यावर उभे राहिले, आईने वाकून आकडा वाचला. मग बाबा नुसतेच उभे राहिले, आईने पुन्हा वाचला. वजाबाकी केली. बॅग जड भरली. आई एकेक पुडा बाहेर काढत गेली आणि बाबा दर वेळी बॅग उचलून पुन्हा काट्यावर. शेवटी मेतकूट आणि कुकरची जादा रिंग तेवढी बॅगेत टिकली, वालाची पिशवी घरीच राहिली. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी बॅग डिकीत टाकली आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमची पोरगी जर-तरमध्ये एम.एस्सी. करायला चाललीय!"

चूक त्यांची नव्हती, मीच तसं समजावलं होतं. अप्लाइड इकॉनोमेट्रिक्सला मराठीत उपयोजित अर्थमिती म्हणतात, असं सांगितल्यावर ते म्हणाले होते, "त्यापेक्षा इंग्रजी बरं." मग मी उदाहरण दिलं. समजा, एका गावात रस्ता झाला आणि तिथल्या जास्त मुली शाळेत जाऊ लागल्या. रस्ता झाला नसता तर त्या गेल्या नसत्या का? ते कुणालाच दिसत नाही, कारण रस्ता तर झालाय. म्हणून बाकी सगळं तसंच, पण रस्ता न झालेलं दुसरं गाव शोधायचं आणि दोघांतला फरक काढायचा. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि हसत सुटले. आंबिवलीची त्यांची नोकरी गेली तेव्हापासून आमच्या घरात एकच कायदा होता. जर-तर बोलायचं नाही. कंपनी चालू राहिली असती तर, गावची जमीन ठेवली असती तर, असं कुणी सुरू केलं की बाबा म्हणायचे, "जर-तरला कोण विचारतो? जे आहे ते बोला." आणि आता लेक त्याचीच डिग्री घ्यायला नेदरलँड्सला निघाली होती.

इथे पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर जे मांडलं ते आमचा वजनकाटाच होता. बॅगेसकट आकडा, बॅगेशिवाय आकडा, मग वजाबाकी. अडचण एवढीच की माणसाच्या बाबतीत दोन्ही आकडे कधीच मिळत नाहीत. परदेशी गेलेला माणूस घरीच राहिला असता तर कसा असता, हे बघायला दुसरा माणूस शोधावा लागतो. माझ्यासाठी तो दुसरा माणूस म्हणजे सायली. खडवलीची. कल्याणच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, मार्क सारखे, भांडणं सारखी. तिलाही बाहेर प्रवेश मिळाला होता, पण ती गेली नाही. कल्याणलाच बँकेत लागली. मी तिला फोनवर चिडवायचे की तू माझा कंट्रोल ग्रुप आहेस. ती म्हणायची, "तूच असशील! मी नॉर्मल आहे, तू पळालेलीस."

बाबा गेले ते दुसऱ्या सेमिस्टरला. संध्याकाळी छातीत जळजळायला लागलं. त्यांना वाटलं, पित्त आहे. आई म्हणाली कल्याणला दाखवू, ते म्हणाले सकाळी बघू. जिऱ्याचं पाणी पिऊन झोपले. सकाळी आईने सायलीला फोन केला, ती गाडी घेऊन आली, आणि कल्याणच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला तिकीट मिळून मी पोहोचेपर्यंत अंत्यविधी थांबवणं शक्यच नव्हतं. आईच म्हणाली, "आता धावत येऊन काय करशील? परीक्षा देऊन ये." मी परीक्षा दिली. पेपर चांगला गेला.

मला रडू आलं नाही. घर सोडून परदेशी गेलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना कळेल, मागे राहिलेल्यांना कदाचित राग येईल. मला काहीच वाटत नव्हतं. मी सायकलवरून लायब्ररीत जायचे, डेटा साफ करायचे, ब्रेडला चीज लावून खायचे. मेतकूट संपलं तेव्हा रिकामी बरणी धुऊन ठेवली. माझ्या थिसिसमध्ये वर्षानुवर्षं त्याच त्या कुटुंबांना विचारलेले प्रश्न होते. ज्यांनी गाव सोडलं त्यांच्या पुढच्या रकान्यांत नुसतं टिंब असायचं. सॉफ्टवेअर अशी ओळ गुपचूप वगळतं, तक्रार करत नाही. त्या टिंबांकडे मी तासन् तास बघायचे. सायली मात्र फोनवर हमसून हमसून रडायची. मी तिची समजूत काढायचे.

तेराव्यानंतर आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "एक विचारू? तू तेच शिकतेस ना, असं झालं असतं तर काय झालं असतं? मग सांग मला. त्याच संध्याकाळी मी ऐकलं नसतं त्यांचं, तसंच कल्याणला नेलं असतं, तर वाचले असते का गं?"

मी म्हणाले, "आई, एका माणसावरून ते सांगता येत नाही."

पेपरात या उत्तराला पूर्ण मार्क मिळाले असते. आई म्हणाली, "असं होय," आणि पुढे भाजीचं बोलायला लागली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पण सायलीने सांगितलं की आई जेवत नाही, खिडकीशी बसते आणि समोरच्या नव्या टॉवरचे मजले चढताना बघते. आईला काय हवं होतं ते मला कळत होतं. पण माझ्याकडे द्यायला आकडा नव्हता, आणि आकडा नसताना बोलायचं नाही हे इथे अंगात मुरवलेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत टिटवाळ्याला घरी गेले. टिटवाळा ओळखू येईना एवढ्या बिल्डिंगा झाल्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी काळू नदीकडची झाडं दिसायची, आता कुणाच्या तरी बाल्कनीतला वाळत घातलेला टॉवेल दिसतो. बाबांच्या चपला दाराशी नव्हत्या. मी ते पाहिलं आणि आत जाऊन हातपाय धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी डाळिंब्या सोलत बसलो होतो. मला नेता आले नव्हते तेच वाल, आईने भिजवून मोड आणले होते. भिजलेल्या वालाची साल बोटाने दाबली की दाणा टपकन बाहेर येतो. आईचा ढीग वाढत होता, माझा वाढत नव्हता. तिची बोटं बारीक झाली होती, अंगठी दोऱ्याने गुंडाळून घट्ट केलेली. अचानक, ती काही विचारत नसताना, मी म्हणाले, "नसते वाचले."

आईचे हात थांबले. "काय?"

"त्या संध्याकाळी नेलं असतंस तरी नसते वाचले बाबा."

"तू तर म्हणालेलीस सांगता येत नाही."

"आता येतं."

"नक्की?"

आमच्या डिपार्टमेंटमध्ये हा शब्द कुणी वापरत नाही. प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना चुकीसाठी जागा सोडलेली असते. माझ्याकडे तर आकडाच नव्हता. मी म्हणाले, "नक्की."

आईने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. तिला मी कळते. मी शाळेत थाप मारायचे तेव्हाही कळायची. मग मान खाली घालून तिने पुढचा दाणा सोलला आणि म्हणाली, "तू इथे असतीस तरी नसते वाचले."

हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. "नक्की?" मी विचारलं.

"नक्की," आई म्हणाली.

तेव्हाही रडू आलं नाही. पण भूक लागली, पुष्कळ महिन्यांनी. आईने डाळिंब्यांची उसळ केली आणि आम्ही दोघी जेवलो, तिनेही दुसऱ्यांदा भात घेतला. आता मी परत इथे आहे, थिसिस लिहितेय, आणि पुराव्याशिवाय एक वाक्यही लिहीत नाही. पण घर कुठे, असं कुणी विचारलं तर टिटवाळ्याची ती दुपार आठवते. आम्ही दोघी एकमेकींशी धडधडीत खोटं बोललो होतो, आणि दोघींनीही ते खरं मानून घेतलं होतं.