शालनच्या नवऱ्याचा ओटीपी

शालनला नवऱ्याने टाकलं त्याला चौदा वर्षं झाली. श्रीपतीने शिरगावला साईबाबांच्या देवळाबाहेर हार-प्रसादाची टपरी टाकली आणि तिथेच दुसरीबरोबर संसार मांडला. तेव्हा बेडसे गावच्या बौद्धवस्तीतली पाच मोठी माणसं सोडचिठ्ठीचा कागद घेऊन तिच्या दारात आली होती. शालनने कागदाला बोटसुद्धा लावलं नाही. "त्यो गेला तर जाऊ द्या. नाव म्या सोडायची न्हाई," म्हणाली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लोक बोलले. मला विचाराल तर तो पीळच तिला उभं ठेवत होता.

लोणावळ्याच्या एका हॉटेलात ती खोल्या आवरते. त्या पगारावर तिने लेकीला, प्रतीक्षाला, बारावी केलं. पुढे बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार टाकायची योजना आली, तेव्हा दोन खाडे करून तिने आपल्याबरोबर वस्तीतल्या आणखी चाळीस जणींचे फॉर्म भरून घेतले. पहिला हप्ता जमा झाला आणि शालनने प्रतीक्षाचं नाव नर्सिंगच्या कोर्सला घातलं. पगार घरातच जिरायचा, फी भागायची ती या पैशांवर.

विधानसभेला त्या चाळीस जणी शालनच्या मागून मतदानाला गेल्या. ज्याने दिलं त्याला दिलं. यावरून बायकांना हसणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांच्या हातात उभ्या जन्मात स्वतःच्या नावाचा पैसा आला नाही, त्यांनी मत कशावर द्यायचं, भाषणांवर?

मग पडताळणी निघाली. मोबाइलवर बाईने आपला आधार नंबर भरायचा, मग नवऱ्याचा, आणि नवऱ्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा. विधवेने मृत्यूचा दाखला द्यायचा, घटस्फोट झालेलीने कोर्टाचा कागद. टाकलेल्या बाईसाठी रकानाच नव्हता. सारिका ही गावातल्या बड्या शेतकरी घरची सून, सत्तेतल्या पक्षाचं काम करणारी. शालनने तिला गाठलं.

"अगं, मग जा की त्याच्याकडं," सारिका म्हणाली. "ओटीपीच मागायचाय, संसार थोडाच मागायचाय?"

मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा शालन प्रतीक्षाला घेऊन शिरगावला गेली. गुरुवार होता, देवळापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. श्रीपतीने गिऱ्हाईक समजून हार पुढे केला आणि ओळख पटल्यावर त्याचा हात तसाच राहिला. शेजारी त्याची दुसरी, शकू, नारळ मांडत होती.

"तुमच्या मोबाइलवर नंबर यील, तेवढा सांगा," शालन त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"घे की. माजं काय जातंय?"

प्रतीक्षाने सगळं भरलं. श्रीपतीने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन सहा आकडे वाचले. कळत्या वयात बाप तिच्याशी बोलला ते एवढंच. तिने आकडे टाकले आणि स्क्रीनवर आलेली ओळ पुन्हा वाचली. शालनने दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "आई, या नंबरवर बायको आधीच लागलीये."

शकूने हातातला नारळ खाली ठेवला. "म्या भरलाय, गेल्या म्हैन्यात. मला काय ठावं तुमी बी याल." तिच्या बोलण्यात तोरा नव्हता, उलट ती ओशाळली होती. तोरा असता तर शालनला भांडता तरी आलं असतं.

घरी आल्यावर शालन उंबऱ्यातच बसकण मारून रडली. चौदा वर्षं धरून ठेवलेलं नाव एका मोबाइलने दुसरीला देऊन टाकलं होतं.

हप्ता बंद झाला. दोन महिने शालनने हॉटेलमालकाकडून उचल घेऊन फी भरली, तिसऱ्या महिन्यात प्रतीक्षाने कोर्स सोडला. "मलाच कंटाळा आलता," म्हणाली. खोटं बोलली पोरगी. आता मायलेकी मिळून चादरी बदलतात.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली तशी सारिका वस्तीवर आली. "शालनताई, आधी मतदान हू दे, मग तुजं बगू," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि कुटल्या बूथवर किती पडली ते कळतं बरं का. बाकीच्या चाळीस जणींचं नीट चाललंय न्हवं?"

मतदानाच्या दिवशी वस्तीतल्या बायकांच्या रांगेत शालन सगळ्यांच्या पुढे होती. शाळेच्या खोलीत अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "शालन. पतीचं नाव श्रीपती. तुम्हीच ना?"

शालनने वाकून यादीतलं ते नाव बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "हितं हाय मी त्याची बायको."

अधिकाऱ्याला काही उमगलं नाही. त्याने तिच्या बोटाला शाई लावली.

मत देऊन ती बाहेर आली तर तिची म्हातारी चुलतसासू, सरुबाई, वाट अडवून उभी. तिच्या मागे बाकीच्या. "शालन, औंदा कुनाला टाकायचं गं?"

उलटं सांगावं असं शालनच्या ओठांवर आलं होतं. पण सरुबाईची दम्याची औषधं योजनेच्या पैशातून येतात, हे तिला ठाऊक होतं. तिने गेल्या वेळचीच निशाणी सांगितली. मतदानाची सुट्टी म्हणून लोणावळ्याची हॉटेलं भरली होती, तेव्हा प्रतीक्षाला घेऊन ती कामाला निघाली.