तलावात मासे नाहीत

लाकडात जीव घालणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो खराडीतल्या आमच्या सोसायटीत, थेट माझ्या डोक्यावर राहतो. वरचे काका जन्माचे शाकाहारी. कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे घडवण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर ते वीतभर लांबीचे लाकडी मासे घडवू लागले. त्यांचे जावई अमेरिकेतल्या थंड तळ्यांवर मस्की नावाचा मासा धरतात, त्यांच्यासाठी ही आमिषं. माणसं दिवस दिवस काठावर उभी राहतात आणि मस्की ढुंकून बघत नाही. "पुणेकरच तो," काका कौतुकानं म्हणत, "उगाच कुणाच्या मागं जायचा नाही."

रोज सकाळी ते सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशी काठीच्या दोरीला एकेक मासा बांधून तो पाण्यात चालवत उभे राहत. माशांना गळ नसे. मी स्वतः हात लावून पाहिलं होतं, हे आधीच कबूल करतो. एक मासा एका झटक्याला डावीकडे सरके, पुढच्याला उजवीकडे, गर्दीतल्या रिक्षासारखा. दुसरा नाक खुपसून खाली जाई आणि दोरी सैल पडली की सावकाश वर येई. तिसरा नुसती कूस बदलून पाण्यात अधांतरी थांबे. त्याच्या पोटात नेमकं शिसं भरण्यात काकांचा महिना गेला होता. एकदा मी काठी धरली. "अहो, ओढताय काय गाडा ओढल्यासारखं? झटका द्या आणि सोडा. तो सोडल्यावर चालतो."

मग एका शेजारणीनं तक्रार केली, मुलांना गळ लागेल म्हणून. मी सोसायटीचा सचिव. 'गळ नाहीत' एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी मी पाटी लावली: 'तलावात मासे नाहीत. ज्यांना दिसतात त्यांनी डोळे तपासून घ्यावेत.' लोक खूप हसले, पाटीचा फोटो मोबाइलवर फिरला, आणि मी आठवडाभर फुगून हिंडलो. काकांनी पाटी अगदी नाक लावून वाचली. "शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाले आणि वर गेले. पुन्हा तलावावर आले नाहीत.

चार महिन्यांनी काकूंकडून कळलं, काकांना काचबिंदू होता आणि आता नजर जवळजवळ गेली होती. ती शाबूत होती तोवर एक तरी मासा मनासारखा चालताना त्यांना बघायचा होता. उरलेल्या नजरेच्या सकाळी माझ्या पाटीनं खाल्ल्या.

पाटी काढून मी वर गेलो आणि सगळं सांगितलं. "गळ नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं," काका म्हणाले. मी मान खाली घातली, मग त्यांना ती दिसत नाही हे लक्षात येऊन "हो" म्हणालो. "बरं. एक मासा चालवून बघायचा राहिलाय. चला."

आता रोज सकाळी काका झटका देतात आणि मी बघतो.

"कसा गेला?"

"डावीकडे."

"डावीकडे रिक्षाही जाते हो. कसा गेला?"

पाटीचे शब्द मला एका चहात सुचले होते. आता दोरी सैल पडते, मासा अजून सरकत असतो, काका मान तिरकी करून वाट बघतात, आणि मी शब्द शोधत राहतो.