पावन्यापुरता गॅस

मूल गावच्या गॅस एजन्सीत मी नोकरीला होतो, तेव्हा जंगलातल्या गावांना नुकतेच गॅस मिळाले होते. रानातली तोड थांबावी, हा हेतू. आमची गाडी मात्र एकेका सिलिंडरसाठी त्याच रानात हिंडायची आणि डिझेल जाळायची. नागपूरहून प्रशिक्षण घेऊन मी ताजा ताजा शहाणा होऊन आलेलो. मालकाला म्हणालो, महिन्यातून एकच फेरी, भरलेलं द्यायचं आणि रिकामं उचलायचं, गाडी फुकट फिरणारच नाही. मालक म्हणाले, ठीक आहे, पण गाडी भरलेलीच परत आली, तर तू परत येऊ नको. मी छाती फुगवून हो म्हटलं.

पहिल्याच गावात चौकात गाडी लावून भोंगा वाजवला. एकही रिकामं सिलिंडर आलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात डोकावलो. कोपऱ्यात सिलिंडर, त्यावर धुतलेलं फडकं, आणि शेजारी बाई चूल फुंकत बसलेल्या.

"गॅस काऊन नाई पेटवला, बाई?"

"पावना आला का पेटवतो. घरच्यायसाठी कोन जाळन?"

घरोघरी हेच. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि चढता का, असं नुसत्या भुवईने विचारलं. नोकरी गेली तर बायकोला काय तोंड दाखवू? म्हणालो, तू जा, मी एक तरी रिकामं घेऊनच येतो.

बाईंनी मला ठेवून घेतलं आणि मी पावना ठरलो. माझा चहा गॅसवर, माझा भात गॅसवर, त्यांचा स्वतःचा चुलीवर. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की शेगडी बंद. म्हणजे सिलिंडर संपायचं तर मी घरात बसून खातच राहायचं. खाल्लं. भर उन्हाळ्यात अंघोळीला कढत पाणी मागितलं. तापाचं सोंग करून काढा करवून घेतला; तो इतका कडू होता की सोंग खरं झालं. ज्योत मात्र निळीशार, ठणठणीत. बाईंनी एकदा काळजीने विचारलंही, "भाऊ, तुमच्या घरी खाऊ घालत नाईत का?"

एका सकाळी ज्योत फडफडली आणि विझली. मी टाळ्या पिटल्या. सिलिंडर खांद्यावर टाकून फाट्यावर आलो, बाई पोचवायला आल्या. यष्टी थांबली. कंडक्टरने माझ्या खांद्याकडे पाहिलं. मी सिलिंडर हलवून दाखवलं, रिकामं आहे म्हणून. तो म्हणाला, भरलं असो की रिकामं, गॅस गाडीत चढत नाई. तुम्ही एकटे या. एकटा जाऊन काय करू? यष्टी गेली. आमची गाडी यायला अजून अवकाश होता.

बाई परतीच्या वाटेला लागल्या होत्या.

"चाला भाऊ. आता चुलीवरचंच खा लागन. अन् सरपन आनाले तुमीच जा."