'सांभाळून' म्हणणारी बाई

कुओपिओ या सरोवराकाठच्या बर्फाळ गावातल्या एका शाळेत टेल्लेर्वो स्वयंपाकीण आहे. दर गुरुवारी शाळाभर पुरेल इतकं वाटाण्याचं सूप ढवळून तिचे दंड लोहारासारखे झालेत, आणि स्वभावही तसाच. एकदा काम हातात घेतलं की ठोकून सरळ केल्याशिवाय सोडायचं नाही. अशा बाईनं पंचावन्नी उलटल्यावर कॉम्प्युटरवर भीतीचा खेळ करायला घेतला, तेव्हा शेजारपाजारच्यांच्या भुवया वर गेल्या. बोललं मात्र कोणी नाही. आमच्याकडे लोक भुवयांवरच भागवतात.

खेळ तिच्या थोरल्या भावासाठी होता. ओस्मोनं सारी हयात गोठलेल्या सरोवरावर काढली. बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं. मग काचबिंदूनं त्याची नजर गेली आणि तो बहिणीकडे राहायला आला. तेव्हापासून टेल्लेर्वो त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होती. उंबरा आला की 'सांभाळून', कॉफी गरम असली की 'सांभाळून', सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर तर दोनदा. सरोवराचं नाव घरात काढायची सोय नव्हती.

एका रविवारी ओस्मोनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "टेल्लेर्वो, मला शेवटची भीती कधी वाटली ते आठवत नाही बघ. आंधळ्याला कोणी धड घाबरूसुद्धा देत नाही."

हे तिला झोंबलं. भीतीच हवी ना, मग देतेच, असं मनाशी म्हणत तिनं त्याच आठवड्यात संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथं खेळ बनवायला शिकवणारी मिन्तू वयानं तिच्या मुलीएवढी. टेल्लेर्वोनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं, की आपल्या खेळात चित्र एकही नसेल. पडदा काळाच राहील. कानाला हेडफोन लावायचे, एक कळ डाव्या पावलाची आणि एक उजव्याची, आणि काठावरच्या घंटेच्या रोखानं बर्फावरून चालत सुटायचं. बर्फाखालून काहीतरी मागे मागे येतंय.

आवाज तिनं घरीच केले. बटाट्याचं पीठ पिशवीत भरून दाबलं की कोरड्या बर्फावर पाऊल पडल्यासारखं वाजतं, हे स्वयंपाकिणीला कोणी शिकवायला नको. बर्फाचा गडगडाट टिपायला मात्र ती स्वतः सरोवराच्या काठावर जाऊन उभी राहिली. लहानपणी तो गडगडाट ऐकून ती घरात पळायची. बर्फावर पाऊल तिनं कधी टाकलंच नव्हतं.

वर्गानं खेळ खेळून पाहिला. मिन्तूनं पायांचे आवाज छान जमलेत असं सांगितलं. आमच्याकडे एवढी स्तुती झाली की माणसानं घरी जाऊन केक कापावा. पण वर्गातला एक निवृत्त बस ड्रायव्हर खरं बोलला. तो एकदाही दचकला नव्हता, का ते त्यालाही सांगता येईना. टेल्लेर्वो मनात म्हणाली, ओस्मो दचकेल.

ओस्मो झोपला. हेडफोन कानाला तसेच, मान मागे टाकून घोरायला लागला. टेल्लेर्वोचा अगदी तिळपापड झाला. तिनं त्याला हलवून उठवलं आणि जाब विचारला.

"अगं, बर्फ गडगडतोय म्हणजे जाड होतोय," तो डोळे चोळत म्हणाला. "तो आवाज आला की आम्ही निर्धास्त बसायचो. किती दिवसांनी ऐकला. छान झोप लागली."

एवढ्यावर दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. टेल्लेर्वोनं सगळा गडगडाट काढून टाकला. मग पातळ बर्फ कसा बोलतो ते ओस्मोकडूनच खोदखोदून विचारलं. तो म्हणाला, बोलतच नाही, नुसता पायाखाली ओलसर होतो. तिनं पीठ भिजवलं, पुन्हा दाबलं, आवडलं नाही, पुन्हा भिजवलं. महिनाभर स्वयंपाकघरात पिठाची रांगोळी होती.

दुसऱ्या खेपेला ओस्मो जागा राहिला, काठाला पोचला आणि हेडफोन काढून ठेवले.

"आता?" तिनं विचारलं.

"आता ती बाई काढ."

बाई म्हणजे तीच. पातळ बर्फ आला की खेळात टेल्लेर्वोचा आवाज यायचा, 'सांभाळून, डावीकडे हो.' आंधळ्या माणसाला वाट कशी सापडायची, म्हणून तिनं तो घातला होता.

"ती नसेल तर बुडशील तू," ती म्हणाली.

"बुडेन की. खेळातच ना? दिवसभर ती बाई असतेच घरात. बर्फावर तरी मला एकट्याला जाऊ दे, बये."

टेल्लेर्वोला राग आला, मग वाईट वाटलं, आणि भांडी घासता घासता कळलं की खरी भीती तिलाच वाटत होती. खेळातून तो आवाज काढून टाकणं हे क्षणाचं काम, मिन्तूनं करून दाखवलं असतं. टेल्लेर्वो रोज कॉम्प्युटर उघडायची आणि तसाच बंद करायची. शेवटी एका शनिवारी, शाळेतला मोठा ओटा पुसताना यायचा तसा आवेश अंगात आणून, तिनं ती बाई पुसून टाकली.

दुपारी ओस्मो खेळायला बसला. दुसरे हेडफोन लावून ती शेजारी. कोरडी पावलं, लांबवर घंटा. मग डाव्या पायाखाली ओलसर वाजलं. तिचं तोंड उघडलं. तिनं खांद्यावरचं फडकं दातांत धरलं. ओस्मो थांबला, कान देऊन ऐकलं, चुकीच्या बाजूला वळला. तिला माहीत होतं चुकीची आहे, आणि ती गप्प बसली. बर्फ फुटला, कानात पाणी भरलं, आणि भावानं टेबलाची कड अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

बऱ्याच वेळानं त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"मेलो," तो म्हणाला, आणि हसला. डोळे गेल्यापासून असा हसला नव्हता. "पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं, फडकं दातांत धरलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.